सुचलेलं निसटतं का, आणि ते धरून कसं ठेवायचं

एखादी आयडिया सुचते ना, तेव्हा ती इतकी लख्ख असते की ही आपण विसरू असं वाटतच नाही. गोष्टीचा शेवट असो, गाण्याची ओळ असो, डिझाइनमधे कधीपासून अडलेलं काहीतरी सुटलेलं असो, त्या क्षणी सगळं स्वच्छ दिसत असतं म्हणून माणूस म्हणतो राहील लक्षात, आधी हातातलं आटपू मग लिहू. आणि अर्ध्या तासाने एवढंच आठवतं की काहीतरी भारी सुचलं होतं. काय, ते नाही. यावर बहुतेक जण स्वतःलाच बोल लावतात, माझ्या लक्षातच राहत नाही, माझं डोकंच तसलं वगैरे, पण ज्यांची स्मरणशक्ती उत्तम आहे त्यांचंही अगदी हेच होतं. का होतं ते कळलं की काय करायचं तेही बरंचसं कळतं, म्हणून आधी ते बघू.

आत्ता या क्षणी आपण ज्याचा विचार करतोय ते मेंदू एका छोट्या, तात्पुरत्या जागेत धरून ठेवतो, तिला वर्किंग मेमरी म्हणतात. ही जागा किती छोटी आहे यावर मानसशास्त्रात बरीच वर्षं काम झालंय. १९५६ मधे जॉर्ज मिलरने सात हा आकडा दिला, दोन इकडे किंवा दोन तिकडे, आणि पुढे २००१ मधे नेल्सन कोवनने सगळे प्रयोग तपासून सांगितलं की खरी क्षमता साधारण चारच गोष्टींची आहे. चार! म्हणजे डोक्यात आयडिया आली, तेवढ्यात कोणीतरी हाक मारली, मोबाईल वाजला, गॅस बंद केला का ते आठवून बघितलं, की जागा संपली, आणि बाहेर कोण ढकललं जातं तर जी गोष्ट सगळ्यात नवी आणि कशालाच न जोडलेली आहे ती.

हे किती पटकन होतं ते १९५९ च्या एका प्रयोगात फार स्पष्ट दिसतं. लॉइड आणि मार्गरेट पीटरसन या दोघांनी लोकांना फक्त तीन अक्षरं लक्षात ठेवायला दिली, अर्थ नसलेली, आणि लगेच एक मोठा आकडा देऊन त्यातून तीन-तीन वजा करत उलटं मोजायला लावलं, म्हणजे मनातल्या मनात ती अक्षरं घोकता येऊ नयेत. तीन सेकंदांनी विचारलं तर बहुतेकांना सांगता येत होतं, पण अठरा सेकंदांनी विचारलं तर दहातल्या एकाच वेळी बरोबर उत्तर यायचं, किंबहुना त्याहूनही कमी. आता आयडिया ही काही अर्थहीन अक्षरं नसते हे मान्य, तिला अर्थ असतो म्हणून ती जास्त टिकते, पण मुद्दा तोच राहतो की घोकणं थांबलं आणि लक्ष दुसरीकडे गेलं की मोजायला मिनिटं नाही, सेकंदं घ्यावी लागतात.

आणि त्यात एक फसवणूक आहे, तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आयडिया सुचल्यावर जी खात्री वाटते ती आयडियाबद्दलची खात्री असते, आठवणीबद्दलची नसते, पण आतून दोन्ही सारख्याच वाटतात. हे भारी आहे याचा अर्थ हे लक्षात राहील असा होत नाही. उलट जी गोष्ट पूर्णपणे नवी आहे तिला डोक्यात टांगायला खुंटीच नसते, जुन्या ओळखीच्या विषयातलं काही सुचलं तर ते त्या विषयाला लटकून राहतं, पण भलतीकडूनच आलेली, दोन लांबलांबच्या गोष्टी जोडणारी आयडिया, म्हणजे खरं तर सगळ्यात मोलाची, तीच आधी पडते.

आता दुसरा प्रश्न, की हे सगळं अंघोळ करताना, चालताना, झोप लागता लागताच का सुचतं, टेबलावर वही उघडून बसल्यावर का नाही? ग्रॅहम वॉलस नावाच्या इंग्रज अभ्यासकाने १९२६ मधे याची चार टप्प्यांत मांडणी केली होती, ती अजूनही वापरतात: आधी तयारी म्हणजे प्रश्नाशी झटापट, मग मुरणं म्हणजे तो प्रश्न बाजूला ठेवून भलतंच काहीतरी करणं, मग एकदम लख्खकन सुचणं, आणि शेवटी ते खरंच बरोबर आहे का ते तपासणं. यातला मुरण्याचा टप्पा आपण आळस समजतो. खरं म्हणजे हातात सवयीचं काम असतं, लक्ष सैल सुटलेलं असतं, तेव्हा मेंदू बंद पडत नाही, त्याचे काही भाग उलट जास्त कामाला लागतात. मेंदूच्या स्कॅनवरून हे लक्षात आलं आणि २००१ मधे मार्कस राइकल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या या रिकामपणच्या अवस्थेला डिफॉल्ट मोड असं नाव दिलं. आठवणी, कल्पना, उद्याचे बेत, असं सगळं तिथे एकमेकांत मिसळत असतं.

चालण्याचं तर थेट मोजमाप झालंय. स्टॅनफर्ड विद्यापीठात मेरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी २०१४ मधे दाखवलं की बसून विचार करण्यापेक्षा चालताना लोकांना नव्या कल्पना सरासरी ६० टक्के जास्त सुचतात, आणि मजा म्हणजे भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चाललं तरी फरक पडतो, म्हणजे निसर्गरम्य जागा वगैरे असायलाच हवी असं नाही. (ज्या प्रश्नाचं एकच नेमकं उत्तर असतं तिथे मात्र हा फायदा दिसला नाही, म्हणून हिशोब बसूनच करावा.)

झोपेच्या उंबरठ्याचंही तसंच. एडिसन हातात धातूचे गोळे घेऊन खुर्चीत डुलकी काढायचा आणि झोप लागली की गोळे पडून त्या आवाजाने जागा व्हायचा असं सांगितलं जातं. ही युक्ती पॅरिसमधल्या संशोधकांनी तपासून बघितली, त्यांचा पेपर २०२१ मधे आला. लोकांना आकड्यांचं एक कोडं दिलं ज्यात एक छुपा शॉर्टकट होता, मधे २० मिनिटं अंधारात आराम करायला दिला, हातात वस्तू धरायला लावून. जे झोपेच्या अगदी पहिल्या पायरीवर निदान १५ सेकंद जाऊन आले त्यांच्यापैकी ८३ टक्के लोकांना तो शॉर्टकट सापडला, जे जागेच राहिले त्यांच्यातल्या ३० टक्क्यांना, आणि जे त्याच्या पुढे गाढ झोपेकडे गेले त्यांच्यात फक्त १४ टक्क्यांना. म्हणजे ती खिडकी असते पण फार थोडा वेळ उघडी असते.

तर अडचण अशी आहे की सुचण्यासाठी जे लागतं, सैल लक्ष, रिकामे किंवा ओले हात, अंधार, रस्ता, त्या सगळ्यात लिहिणं अवघड असतं, आणि जिथे लिहिणं सोपं असतं तिथे सुचत नाही. या दोन्हींमधलं अंतर कमी करायचं, एवढंच काम आहे, बाकी सगळे प्रकार, अॅप, वह्या, पद्धती, त्यासाठीच आहेत.

विल्यम रोवन हॅमिल्टन हा आयरिश गणितज्ञ कित्येक वर्षं एका प्रश्नाच्या मागे होता. १६ ऑक्टोबर १८४३ ला तो बायकोबरोबर डब्लिनमधल्या रॉयल कॅनॉलच्या काठाने चालत मीटिंगला निघाला होता आणि ब्रूम ब्रिज नावाच्या पुलापाशी त्याला एकदम क्वाटर्नियनचं सूत्र सुचलं, आज कॉम्प्युटर ग्राफिक्समधे वस्तू फिरवायला जे गणित वापरतात ते. पुलाच्या दगडावर त्याने चाकूने ते सूत्र कोरलं ही गोष्ट सगळे सांगतात, तिथे आता पाटीही आहे. पण त्याने स्वतः लिहून ठेवलंय की त्याच वेळी खिशातली छोटी वही काढून तिथल्या तिथे त्यात नोंदही केली होती. मला दगडापेक्षा ही वही जास्त आवडते. मीटिंगला जाताना, बायको शेजारी असताना, वही खिशात होती. बीथोव्हनही फिरायला जाताना खिशात मावणारी स्वरलिपीची वही न्यायचा आणि घरी टेबलावर वेगळी मोठी वही असायची.

याच्या उलट गोष्ट ऑटो लोवीची. हा ग्राझचा औषधशास्त्रज्ञ, आणि नसा अवयवांना निरोप कसा देतात, विजेने की रसायनाने, हा त्याचा प्रश्न, रसायनाची शंका त्याला सतराएक वर्षांपूर्वीच येऊन गेली होती पण तपासायचं कसं ते सुचत नव्हतं. त्याने सांगितलेल्या हकिकतीनुसार १९२० मधे ईस्टरच्या आदल्या रात्री तो झोपेतून उठला, दिवा लावला, एका बारक्या पातळ कागदावर काहीतरी खरडलं आणि परत झोपला. सकाळी सहाला आठवलं की रात्री फार महत्त्वाचं काहीतरी लिहिलंय, कागद बघितला तर स्वतःचंच अक्षर लागेना. दिवसभर लागेना. नशीब असं की पुढच्या रात्री तीनला तीच कल्पना परत आली, बेडकाच्या दोन हृदयांचा प्रयोग, एकाची नस उत्तेजित करून त्याच्याभोवतीचं द्रावण दुसऱ्याला द्यायचं आणि ते पण मंदावतं का बघायचं, आणि या वेळी तो कागदाच्या भानगडीत न पडता सरळ उठून लॅबमधे गेला. १९३६ चं नोबेल त्याला हेन्री डेलबरोबर विभागून मिळालं ते याच कामासाठी. पण दुसऱ्यांदा येणं हे कोणाच्या हातात नाही, आणि पहिल्यांदा त्याने लिहिलंच होतं की! म्हणजे लिहिलं होतं पण पोचलं नव्हतं.

इथेच बहुतेक सगळे अडकतात, आणि मी यावर जरा जास्त बोलणार आहे कारण टूल कुठलं वापरावं यावर लोक तासन् तास बोलतात पण टिपणात नेमकं काय लिहावं यावर कोणी बोलत नाही. आपण टिपण लिहितो तेव्हा आयडिया डोक्यात चालूच असते, त्यामुळे तीन शब्द लिहिले तरी ते पुरेसे वाटतात, बाकीचं डोकं भरून काढतं. पण ते वाचणारा माणूस चार दिवसांनंतरचा आपण असतो, त्याच्या डोक्यात त्यातलं काहीच चालू नसतं, तो जवळजवळ परकाच असतो. समजा गोष्ट लिहिणाऱ्या कोणाला काही सुचलं आणि त्याने मोबाईलमधे लिहिलं, "म्हातारा, लिफ्ट, उलटं". त्या क्षणी त्यात अख्खी गोष्ट आहे. आठवड्याने त्यात काहीच नाही, उलटं म्हणजे काय उलटं, लिफ्ट उलटी की म्हातारा? आता तेच असं लिहिलं असतं तर बघा: "आयुष्यभर लिफ्टमन असलेला म्हातारा रिटायर झाल्यावर कायम जिन्यानेच जातो, लोकांना वाटतं लिफ्टचा कंटाळा आलाय, पण त्याला आता दुसऱ्या कोणीतरी बटण दाबलेलं बघवत नाही. शेवट विनोदी नको. बसमधे कंडक्टर रिटायर होत होता त्यावरून सुचलं." वीस-पंचवीस सेकंद जास्त गेले असतील, पण हे टिपण दोन वर्षांनीसुद्धा जिवंत राहील.

त्यात काय काय आलं ते बघा. एक पूर्ण वाक्य आलं ज्यात कोण, काय करतो आणि का हे सगळं आहे, म्हणजे क्रियापद आलं, आणि क्रियापद असलं की आयडिया टिकते, नुसत्या नामांच्या यादीतून ती परत उभी करता येत नाही. मग ती भारी का वाटली, तिचा सूर काय, हे आलं. आणि ती कशावरून आली ते आलं, हे शेवटचं लोक हमखास गाळतात, पण ते ओळखीचं दृश्य वाचलं की तो क्षण आणि त्यावेळचा विचार दोन्ही परत जागे होतात. गाण्याची चाल सुचली तर शब्द लिहून उपयोग नाही, गुणगुणून रेकॉर्डच करायला हवं, आणि चित्र सुचलं तर रेघोट्या का होईना पण काढायलाच हव्यात, जे ज्या रूपात सुचलं त्या रूपात धरायचं.

रामानुजनची वही याच कारणासाठी आठवते. कागद महाग म्हणून तो पाटीवर गणित करायचा, कोपराने पुसायचा आणि वहीत फक्त शेवटची सूत्रं उतरवायचा. १९२० मधे, ३२ व्या वर्षी तो गेला आणि मागे तीन हजारांहून जास्त निष्कर्ष राहिले ज्यांच्या पायऱ्या जवळपास कुठेच लिहिलेल्या नव्हत्या. ब्रूस बर्न्ट या अमेरिकन गणितज्ञाने १९७७ पासून एकेक सूत्र सिद्ध करायला घेतलं, त्याचे पाच खंड १९८५ ते १९९८ या काळात आले. त्याच्या बाबतीत जग ते ओझं उचलायला तयार झालं कारण तो रामानुजन होता, आपल्या टिपणांचा अर्थ लावायला मात्र आपल्याशिवाय कोणी येणार नाहीये, तेव्हा पायऱ्यांचा थोडा तरी माग ठेवावा.

अजून एक सवय डार्विनची, त्याने आत्मचरित्रात सांगितलेली. आपल्या मताच्या विरुद्ध जाणारी कुठलीही माहिती किंवा विचार समोर आला की तो ताबडतोब लिहून ठेवायचा, कारण असले विचार सोयीच्या विचारांपेक्षा लवकर विसरतात हे त्याच्या लक्षात आलं होतं. आपल्या आवडत्या आयडियात जी खोट दिसते, तीही सुचलेलीच गोष्ट असते आणि ती पहिल्यांदा गायब होते, म्हणून ती दिसली की तिथेच खाली लिहून ठेवायची.

आता साधनांचं. मोबाईल की वही? जे हात लांब केला की मिळतं ते, याहून मोठं उत्तर नाही. मोबाईल कायम जवळ असतो ही त्याची सगळ्यात मोठी बाजू, पण अनलॉक केला की वर मेसेज दिसतो आणि चार गोष्टींची ती जागा तिथेच भरून जाते, नोट्स उघडेपर्यंत आयडिया गेलेली असते. म्हणून नोट्सचं किंवा रेकॉर्डरचं बटण लॉक स्क्रीनवर किंवा पहिल्याच पानावर ठेवायचं, एका दाबात उघडेल असं, आणि आधी लिहायचं, मेसेज नंतर. चालताना बोलून रेकॉर्ड करणं सगळ्यात सोपं, फक्त बोलतानाही पूर्ण वाक्यात बोलायचं. गाडी चालवताना मात्र मोबाईलला हात लावायचाच नाही, आयडिया मोठ्याने दोन-तीनदा म्हणायची आणि गाडी बाजूला घेऊन मग नोंदवायची, कोणतीच आयडिया अपघाताएवढी महाग नाही. अंघोळीतही तेच, मोठ्याने म्हणत राहायचं, कारण घोकणं चालू आहे तोवर ती जागेवर असते, पीटरसनच्या प्रयोगात नेमकं तेच तर तोडलं होतं. पाण्यात न भिजणारे कागदाचे पॅडही मिळतात, ज्यांना तिथे खूप सुचतं त्यांनी खुशाल घ्यावेत.

रात्रीसाठी मला कागद-पेन बरं वाटतं, स्क्रीनच्या उजेडाने झोप मोडते म्हणून. उशाशी जाड पॅड, मोठं अक्षर, एका पानावर एकच गोष्ट, म्हणजे अंधारात ओळीवर ओळ चढत नाही. आणि लिहिल्याने झोपेचं नुकसान होतं असं कोणाला वाटत असेल तर एक अभ्यास सांगतो. अमेरिकेत बेलर विद्यापीठात २०१८ मधे ५७ तरुणांवर केलेल्या प्रयोगात काहींनी झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली आणि काहींनी झालेल्या कामांची, तर करायच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. राहिलेली गोष्ट डोक्यात घोळत राहते, कागदावर गेली की मेंदू तिला सोडतो. आयडियाचंही तसंच असावं असं मला वाटतं.

टिपलेल्या गोष्टी पाच ठिकाणी पडल्या, थोड्या नोट्समधे, थोड्या स्वतःलाच पाठवलेल्या मेसेजमधे, थोड्या स्क्रीनशॉटमधे, तर त्या असून नसल्यासारख्या आहेत. अठराव्या शतकात जर्मनीत गटिंगनला लिख्टेनबर्ग नावाचा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक होता, १७६५ पासून १७९९ मधे मरेपर्यंत तो डोक्यात येईल ते वहीत खरडत राहिला. ही कल्पना त्याने व्यापाऱ्यांकडून घेतली होती, त्याने लिहिलंय की इंग्रज व्यापारी आधी सगळे व्यवहार एका कच्च्या वहीत जसे घडतील तसे टाकतात, मग तिथून नीट लावून दुसऱ्या वहीत आणि शेवटी खतावणीत नेतात, लिहिणाऱ्यांनीही तसंच करावं. मला ही पद्धत आजही सगळ्यात शहाणपणाची वाटते कारण ती दोन कामं वेगळी करते. सुचताना फक्त टाकायचं, कच्च्या वहीत, चांगलं-वाईट ठरवायचं नाही, कुठल्या फोल्डरमधे जाईल, टॅग काय लावू, हे तर अजिबात नाही. आणि निवड करायची ती वेगळ्या वेळी, आठवड्यातून एकदा बसून, शांत डोक्याने.

त्या वेळी बहुतेक टिपणं साधारण वाटतील. वाटू देत. रात्री तीनला जे जग बदलणारं वाटलं ते सकाळी दहाला बरंच लहान झालेलं असतं, आणि निवडायला पुरेसं असावं म्हणूनच तर इतकं टिपायचं. पण लगेच पुसूही नका, बाजूला ठेवा, कारण दोन अर्धवट आयडिया कधीकधी एकमेकींना पूर्ण करतात आणि त्यासाठी दोन्ही एका जागी असाव्या लागतात. निवडलेल्या टिपणापुढे पुढचं छोटं पाऊल लिहून ठेवलं, अमुक विषयावर वाचायचं, पहिला परिच्छेद लिहून बघायचा, की मग ते पडून राहत नाही.

सगळं सुचलेलं टिपलंच पाहिजे का? नाही. प्वांकारे या फ्रेंच गणितज्ञाला घोडागाडीच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता मोठा शोध लागला, त्याने गाडीत बसून गप्पा पुढे चालू ठेवल्या आणि घरी आल्यावर सवडीने सगळं तपासलं. त्याचं निसटलं नाही कारण त्या विषयात तो आधी बरेच दिवस बुडालेला होता, सुचलेल्याला टांगायला जागा तयार होती. ज्या कामात आपण रोज आहोत त्यातलं थोडं उशिरा लिहिलं तरी चालून जातं. भलत्याच विषयातलं, अचानक आलेलं, ज्याचा आपल्या चालू कामाशी संबंध नाही असं काही असेल तर मात्र हातातलं काम ठेवून लिहा.

आणि गेलीच तर? डोकं ताणून बसू नका, त्याने बहुधा दुसरंच काहीतरी पुढे येतं. ज्या जागी सुचलं तिथे परत जा, तेच हातात घ्या, त्याच्या आधी काय बघत होतात, कोणाशी काय बोलत होतात ते ओळीने आठवा, आयडियाकडे थेट न जाता तिच्या शेजारून जा. १९७५ मधे गॉडन आणि बॅडली यांनी पाण्यात बुडी मारणाऱ्या डायव्हर लोकांवर केलेल्या एका प्रयोगात पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले होते आणि किनाऱ्यावर पाठ केलेले किनाऱ्यावर, म्हणजे जागा आणि आठवण यांचं काहीतरी नातं असतं. तेवढं करूनही नाही आली तर जेवढा तुकडा आठवतोय तेवढाच लिहून ठेवा, विषय, सूर, कशावरून निघाली होती ते, आणि दुसऱ्या कामाला लागा.